पहिली-दुसरीच्या वर्गात मुलांचं वाचन रेकॉर्ड करता का? कसं करता?

खडूफळा (५ जुलै)

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेची दुशिक्षकी शाळा आहे. माझ्याकडे पहिली आणि दुसरी एकत्र, मिळून २३ मुलं. घरातला जुना मोबाइल सिम काढून शाळेत आणून ठेवलाय. मागच्या आठवड्यात दुसरीतल्या एका मुलाचं प्रकट वाचन त्यावर रेकॉर्ड केलं, फक्त माझ्या नोंदीसाठी. तो अक्षरं सुटी सुटी वाचतो. 'क... म... ळ' असं म्हणतो आणि काय वाचलंस विचारलं की गप्प. रेकॉर्डिंग झाल्यावर म्हणाला, मला पण ऐकायचंय. ऐकवलं. कान लावून ऐकलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, "बाई, ह्यो कमळ म्हणतोय, पन तुकडं करून."

सहा महिने मी जे सांगत होते ते त्याला स्वतःच्या आवाजातून अर्ध्या मिनिटात कळलं. त्या दिवसापासून डोक्यात हेच आहे. आता विचारायचं ते असं: रोज किती मुलांचं करावं? ऐकताना नेमकं काय टिपून ठेवावं? सगळ्या वर्गासमोर ऐकवावं का? ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा, मला खरंच हवं आहे.

निंबोणी (५ जुलै)

बाई, तुमच्या त्या मुलाचं वाक्य वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी निवृत्त शिक्षिका. नव्वदच्या दशकात आमच्याकडे टेपरेकॉर्डर होता, सेलवर चालणारा, आणि सेल मी घरून न्यायची. पण मी उलटं करायची. धडा मी माझ्या आवाजात कॅसेटवर घ्यायची, नेहमीपेक्षा थोडा सावकाश, पण अक्षरं तोडून नाही, बोलल्यासारखा. पान उलटायच्या जागी टेबलावर टिचकी मारायची. मुलं पुस्तक उघडून ऐकायची आणि ओळीवर बोट फिरवायची. टिचकी आली की पान उलटायचं. मी पहिलीला शिकवत असताना दुसरीचा गट कोपऱ्यात टेपजवळ बसायचा. दोन इयत्ता एका खोलीत असल्या की हा टेप म्हणजे दुसरी बाईच.

एकच मुलगा एकच धडा सात-आठ वेळा ऐकायचा. लोक म्हणायचे, पाठ होतोय, वाचत नाहीये. मी बोट बघायची. बोट शब्दाबरोबर चालत असेल तर पाठ झाला तरी बिघडत नाही.

आडवाट (५ जुलै)

निंबोणीताई, तुम्ही जे करत होतात त्यावर अमेरिकेत काम झालं आहे. हार्वर्डच्या कॅरल चॉम्स्की यांनी १९७६ साली तिसरीतल्या पाच मुलांबद्दल लिहिलं. ही मुलं शब्द फोडून वाचू शकायची, पण वाचन अडखळत, कंटाळवाणं. त्यांना गोष्टीचं पुस्तक आणि त्याचीच टेप दिली. ओघ येईपर्यंत पुन्हा पुन्हा ऐकत वाचायचं, एवढंच. पहिल्या पुस्तकाला सगळ्यात जास्त दिवस लागले, पुढच्यांना कमी. मुलांना नवीन नियम शिकवलेच नव्हते. जे येत होतं ते अखंड वापरायची सवय लावली.

खडूफळा, काय टिपावं याबद्दल: न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांची 'रनिंग रेकॉर्ड' नावाची पद्धत आहे. मूल वाचत असताना प्रत्येक बरोबर शब्दाला बरोबरची खूण, चुकलेल्या शब्दाच्या जागी मूल जे बोललं ते जसंच्या तसं, गाळलेल्या शब्दाला आडवी रेघ, आणि मुलाने स्वतःहून सुधारलं तर वेगळी खूण. ती शेवटची खूण सगळ्यात मोलाची. स्वतःहून सुधारणारं मूल अर्थाकडे लक्ष ठेवून आहे. रेकॉर्डिंग असेल तर हे शांतपणे, दोनदा ऐकून करता येतं.

कोकणकडा (६ जुलै)

माझं मत वेगळं आहे आणि ते मी अनुभवातून सांगतोय. माझ्या वर्गात ४१ मुलं. ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम. यातून रेकॉर्डिंग ऐकायला वेळ कुठला? पण खरी तक्रार ती नाही.

'निपुण भारत' हे केंद्र सरकारचं पायाभूत वाचन-गणिताचं अभियान २०२१ मध्ये आलं. त्यात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असं आहे. दुसरीसाठी ४५ ते ६०. आता 'समजून' हा शब्द कागदावर राहिला आणि ६० तेवढे मोबाइलमध्ये शिरले. आमच्याकडे पाहणीला आलेल्या एकांनी रेकॉर्डिंग लावलं आणि घड्याळ हातात धरलं. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, ती स्वल्पविरामाला थांबते, प्रश्नाला आवाज चढवते, संवाद वेगळ्या आवाजात वाचते. तिचे ५२ शब्द भरले. शेजारचा मुलगा गोष्ट एका दमात रेल्वेसारखी वाचून गेला, ७४. कोल्हा कुठे गेला विचारलं तर सांगता येईना. यादीत मुलगी खाली, मुलगा वर. त्या दिवशी घरी जाऊन जेवण गेलं नाही मला. म्हणून म्हणतो, यंत्र आणलं की मोजणी येते आणि मोजणी आली की शर्यत येते.

पाटीपेन्सिल (६ जुलै)

कोकणकडा सर, तुमच्या त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. आवाज बदलून वाचणारी मुलं मोठेपणी पुस्तकं सोडत नाहीत, हा माझा तरी अनुभव आहे.

लेकीचा_बाबा (६ जुलै)

मी शिक्षक नाही, पालक आहे. दुसरी बाजूही लिहितो, राग म्हणून नव्हे.

माझी लेक तिसरीत असताना शाळेने सगळ्या मुलांचं वाचन रेकॉर्ड करून वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं. हेतू चांगला असणार, पालकांनी ऐकावं. लेक थोडी तोतरी बोलते. दोन-तीन घरांत मुलांनी ते पुन्हा पुन्हा लावून हसत ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तिची नक्कल केली. त्यानंतर ती पाच महिने मोठ्याने वाचलीच नाही. घरी आईजवळ बसूनसुद्धा नाही. ओठ हलवायची, आवाज नाही. आता चौथीत आहे, मनातल्या मनात खूप वाचते. पण मोठ्याने वाचायला सांगितलं की पुस्तक मिटते.

कृपा करून वर्गासमोर ऐकवू नका. गटावर तर अजिबात टाकू नका.

खडूफळा (६ जुलै)

दादा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. माझ्या वर्गातलं एकही रेकॉर्डिंग वर्गासमोर लागणार नाही.

काळाकोट (७ जुलै)

कायद्याचं थोडक्यात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरलं आहे आणि बालकाची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, असं तत्त्व आहे. मुलाचा आवाज आणि नाव एकत्र असेल तर ती त्या मुलाची ओळखच झाली. शाळांना काही बाबतीत सूट असली तरी तिच्यावर विसंबू नका. पालक सभेत नीट समजावून सांगा, सही घ्या, आणि वर्ष संपलं की काय पुसणार तेही आधीच सांगा.

मेळघाटी (७ जुलै)

मी वेगळ्याच कामासाठी रेकॉर्डिंग वापरतो. माझी मुलं कोरकू बोलतात. कोरकू ही मराठीची बोली नाही, तिचं कुळ संथाळी-मुंडारीचं. 'कोरकू' म्हणजेच 'माणसं'. पाण्याला 'डा'. पहिलीत आलेल्या मुलाला मी 'पाणी' वाचायला शिकवतो तेव्हा तो एकाच वेळी दोन डोंगर चढत असतो. अक्षर नवीन आणि शब्दही परका.

म्हणून सुरुवातीचे दोन महिने पुस्तक बाजूला. मूल कोरकूत बोलतं: काल काय झालं, बकरी कुठे हरवली, मोहाची फुलं वेचायला कोण गेलं. ते मी रेकॉर्ड करतो. दुपारी ऐकून त्यातली तीन-चार वाक्यं मोठ्या कागदावर देवनागरीत उतरवतो, शब्द मुलाचेच. माझी कोरकू कच्ची आहे, तर गावातल्या अंगणवाडी ताई ऐकून दुरुस्त करतात. दुसऱ्या दिवशी तो कागद भिंतीवर, शेजारी रेकॉर्डिंग. मूल स्वतःचं बोलणं ऐकतं आणि त्याच शब्दांवर बोट ठेवतं. आपण बोललो ते कागदावर बसलं, हे ज्या दिवशी त्याच्या लक्षात येतं त्या दिवशीचा चेहरा शब्दांत मांडता येत नाही मला.

न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर नावाच्या बाई माओरी मुलांना शिकवताना त्यांच्याच तोंडचे, त्यांच्या जिव्हाळ्याचे शब्द कार्डावर लिहून देत असत. त्यांच्याकडे फोन नव्हता, कान होते. कान महत्त्वाचा. फोन फक्त लक्षात ठेवतो.

शापोरा_काठ (८ जुलै)

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातून लिहिते. आमची मुलं घरी कोंकणी बोलतात आणि शाळेत मराठी वाचतात. रेकॉर्डिंग करायला लागले तेव्हा एक मजेची गोष्ट सापडली. पुस्तकात 'घरात कोणी नाही' असं असतं, मूल वाचतं 'घरात कोण ना'. 'आहे'च्या जागी 'आसा'. वर्गात ऐकताना मी लगेच टोकायची. रेकॉर्डिंगवर ऐकलं तेव्हा जाणवलं, वाक्याचा सूर अगदी बरोबर आहे. मूल अक्षरं नाही, अर्थ वाचतंय आणि तो अर्थ घरच्या भाषेत बाहेर येतोय.

प्रश्न हा की ही चूक धरायची का?

निंबोणी (८ जुलै)

मी नाही धरणार. 'आहे'ला 'आहो' किंवा 'अहा' म्हणणारं मूल चुकलं. 'आसा' म्हणणारं मूल समजलं.

आडवाट (८ जुलै)

+१. केनेथ गुडमन यांनी साठच्या दशकात याच कारणासाठी 'चूक' हा शब्दच टाळला आणि 'मिसक्यू' म्हटलं. मूल छापल्याप्रमाणे न वाचता दुसरं काही वाचतं तेव्हा ते कुठल्या आधारावर वाचतं हे बघायचं: अक्षरांच्या, वाक्याच्या की अर्थाच्या. शापोरा_काठ, तुमच्या मुलांचे वाक्य आणि अर्थ हे दोन आधार पक्के आहेत. अक्षरांकडे लक्ष वेधायचं काम उरलं, आणि ते सोपं आहे.

ऱ्हस्वदीर्घ (८ जुलै)

हे गुडमन, क्ले सगळं इंग्रजी वाचनावरचं. आपल्या लिपीचे खेळ वेगळे आहेत आणि ते रेकॉर्डिंगमध्ये फार छान सापडतात. दोन वर्षांच्या माझ्या वहीतून देतो.

पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहायची आणि नंतर बोलायची. म्हणून मूल 'कविता' वाचताना ती वेलांटी क ला लावून टाकतं: 'किवता'. 'शनिवार'चा 'शिनवार', 'हरिण'चं 'हिरण'. यात मुलाची बुद्धी कमी नाही. डावीकडून उजवीकडे वाच असं आपणच सांगितलं, ते प्रामाणिकपणे तसंच वाचतंय. अशा मुलाला 'नीट बघ' म्हणून उपयोग नाही. वेलांटी ज्या अक्षराच्या डोक्यावर टेकते त्या अक्षराची, हे बोटाने दाखवावं लागतं.

रफार तसाच. डोक्यावर शेवटी दिसतो, बोलायचा आधी. 'वर्ग'चा 'वग्र' होतो.

तिसरं मला सगळ्यात आवडतं. 'जग' शब्द. 'जग फिरून आला' मधला ज वेगळा आणि 'शंभर वर्षं जग' मधला वेगळा. लिहायला एकच. 'चमचा'तला च आणि 'चार'मधला च तसेच. कुठला उच्चार करायचा हे अक्षर सांगत नाही, वाक्य सांगतं. मी मुद्दाम दोन्ही 'जग' असलेली वाक्यं वाचायला देतो. मूल आधी चुकीचा ज वाचतं, थबकतं, मागे येऊन दुरुस्त करतं. आडवाट म्हणतात ती स्वतःहून सुधारल्याची खूण इथे हमखास मिळते. ते थबकणं वर्गाच्या गोंगाटात ऐकू येत नाही, रेकॉर्डिंगवर लख्ख ऐकू येतं.

पाटीपेन्सिल (८ जुलै)

ऱ्हस्वदीर्घ सर, या वहीचा स्वतंत्र धागा काढा. विनंती नाही, हट्ट आहे.

माणगंगा (९ जुलै)

बोलीचा विषय निघालाच आहे म्हणून. आमच्याकडची मुलं 'होतं'ला 'व्हतं' आणि 'नाही'ला 'न्हाई' वाचतात, शापोरा_काठ म्हणतात तसंच. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय, गावोगावच्या लोकांची बोलणी ध्वनिमुद्रित करून. मी त्यातली काही वर्गात ऐकवली. आपल्या आज्जीसारखं बोलणं शाळेच्या स्पीकरवर ऐकून मुलं एकमेकांकडे बघत राहिली. मग मी सांगितलं, पुस्तकातलं 'होतं' आणि आपलं 'व्हतं' ही सख्खी भावंडं. त्यानंतर पुस्तकातला शब्द वाचायला सांगणं म्हणजे घरच्या शब्दाचा अपमान, असं कुणाला वाटलं नाही.

वायरमन (९ जुलै)

तांत्रिक बाजू. शाळेत यंत्रं बसवायचं काम करतो म्हणून खूप खोल्या पाहिल्यात.

फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन वाचनात सूचनांची टुंग वाजते. तोंडापासून एक वीत लांब, थोडा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ'चा फुस्कारा माइकवर येत नाही. खाली घडी केलेला रुमाल ठेवा, बाकाची खडखड जाते. पत्र्याच्या छपराखाली पावसाळ्यात रेकॉर्डिंगचा नाद सोडा. शाळेतली सगळ्यात चांगली जागा म्हणजे पोषण आहाराच्या तांदळाची खोली. पोती आवाज पिऊन टाकतात, घुमत नाही. हसू नका, करून बघा.

साध्या दर्जाचं एक मिनिट अर्ध्या एमबीच्या आसपास जातं. २३ मुलांचं दर आठवड्याला एक मिनिट धरलं तरी वर्षभर जुन्या फोनला पुरेल. फाइलला मुलाचं नाव देऊ नका, हजेरी क्रमांक आणि तारीख द्या.

रविवारची_शाळा (१० जुलै)

न्यू जर्सीत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळेत दर रविवारी शिकवते. आमच्या मुलांच्या कानावर आठवडाभर मराठी फार कमी पडते. म्हणून निंबोणीताईंसारखंच करतो, पण टेप करतात भारतातल्या आज्या. गोष्टीचं पुस्तक त्यांच्याकडे एक, मुलांकडे एक. आजी वाचून रेकॉर्डिंग पाठवते, मूल ऐकत बोट फिरवतं.

एका आजीच्या रेकॉर्डिंगमध्ये गोष्टीच्या मध्यावर कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत. नातू ती गोष्ट आता वर्गात न ऐकता घडाघडा वाचतो. त्या ओळीवर आला की थांबतो, तीन शिट्ट्या वाजवतो आणि पुढे जातो.

निंबोणी (१० जुलै)

त्या शिट्ट्या काढू नका हो. भात झाला असेल तिकडे.

सुपारीबाग (११ जुलै)

गूगलचं 'रीड अलाँग' कुणी वापरलंय का? २०१९ मध्ये 'बोलो' नावाने आलं होतं तेच. मराठीत आहे. मूल वाचतं तसे शब्द रंगतात, अडलं की ॲप सांगतं. मग वेगळं रेकॉर्डिंग कशाला?

ऱ्हस्वदीर्घ (११ जुलै)

वापरलंय, घरच्या सरावाला चांगलं आहे. पण ते शब्द बरोबर की चूक एवढंच सांगतं. 'शिनवार' का झालं ते सांगत नाही. आणि 'न्हाई' वाचणाऱ्या मुलाला ते आमच्या माणगंगांसारखं जवळ घेत नाही.

कोकणकडा (२२ ऑगस्ट)

धागा वर काढतोय. जुलैमध्ये मी विरोधात लिहिलं होतं. घड्याळाबद्दलचं मत तसंच आहे. पण मेळघाटी सरांचं वाचून एक करून पाहिलं. ४१ नाही, पाचच मुलं घेतली, वाचनात सगळ्यात मागे असलेली. वाचायला लावलं नाही, बोलायला लावलं. विषय: नारळी पौर्णिमेला घरी काय झालं. ऐकून मी प्रत्येकाची चार वाक्यं लिहून दिली.

'होडीला नारळ दिला आणि बाबा म्हणाला आता दर्या आपला' हे वाक्य ज्याचं आहे तो मुलगा मागच्या वर्षभरात एक धडा पूर्ण वाचू शकला नव्हता. हे त्याने वाचलं. 'दर्या'वर अडला, मागे गेला, पुन्हा आला. मी घड्याळ लावलं नाही. वेळेचं म्हणाल तर आठवड्यातून दोन दिवस, मधल्या सुट्टीनंतरची वीस मिनिटं. निघतात तेवढी.

खडूफळा (१७ नोव्हेंबर)

दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा आलेय. तुम्ही सगळ्यांनी इतकं दिलंत, तर काय केलं ते सांगणं माझं काम आहे.

रोज चार मुलं, परिपाठानंतर. तांदळाच्या खोलीत (वायरमन दादा, तुमचे उपकार). मूल एकटं बसतं, ओळखीच्या गोष्टीचं एक पान वाचतं, लगेच स्वतः ऐकतं, आणि वाटलं तर पुन्हा वाचतं. कुठलं ठेवायचं ते मूल ठरवतं, दुसरं पुसायचं. हे पुसणं त्यांना फार आवडतं. माझ्या वहीत शब्दांची संख्या नाही. तीनच गोष्टी लिहिते: कुठे अडलं, अडल्यावर काय केलं, आणि मला गोष्ट सांग म्हटल्यावर काय सांगितलं. ऱ्हस्वदीर्घ सरांची वेलांटी तर नऊ मुलांत सापडली! जुलैपर्यंत मला ती नऊही मुलं नुसती 'कच्ची' वाटत होती.

चुकलेलं एक सांगते. पहिलीतल्या छोट्या मुलांचं वाचन फार लवकर रेकॉर्ड करायला घेतलं. स्वतःचं अडखळणं ऐकून दोघी हिरमुसल्या. पहिलीचं वाचन बंद केलं, आता फक्त बोलणं रेकॉर्ड करते, मेळघाटी सरांसारखं. वाचन दुसरीपासून.

कमळाचे तुकडे करणारा मुलगा. गोष्ट मोठी आहे, थोडक्यात लिहिते. दर आठवड्याला तो आधी जुनं रेकॉर्डिंग मागतो, जुलैमधलं. ते ऐकतो आणि मग नवीन वाचतो. अजून जोडाक्षराला अडतो. पण शब्द तोडत नाही. मागच्या शुक्रवारी म्हणाला, बाई, आता मी सांगतो आणि तुम्ही लिवा. त्यांच्या शेळीला दोन करडं झाली त्याचं सांगितलं, सलग सव्वा मिनिट. मी लिहिलं, त्याने वाचलं आणि एका जागी मला थांबवून म्हणाला, हितं तुम्ही 'पिल्लं' लिवलंय, मी 'करडं' म्हनलो हुतो. फोन लावून ऐकवलं मला.

त्याचं बरोबर होतं. खोडून 'करडं' केलं.

लेकीचा_बाबा (२४ नोव्हेंबर)

खडूफळा ताई, तुमच्या शाळेची पद्धत घरी केली. फोन लेकीच्या हातात दिला, दार लावून घेतलं तिने. पहिले चार दिवस काही ठेवलं नाही, सगळं पुसलं. काल एक ठेवलंय. मला अजून ऐकवलेलं नाही, आईला ऐकवलंय.

पाटीपेन्सिल (२५ नोव्हेंबर)

एक शंका राहिली. कविता घ्यायची का रेकॉर्डिंगला? चाल लावली की मुलं न बघताच म्हणतात, वाचन होतच नाही.

निंबोणी (२५ नोव्हेंबर)

घ्या, पण मधलं एक कडवं उलटसुलट करून लिहा. जो बघून वाचतो तो तिथे थांबेल.